सासुरवाडीवरून जाणारी शर्यत

गुरुवारी दुपारी दाजींच्या कचेरीतला शिपाई आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आला आणि म्हणाला, "तुमचे दाजी गेले." मी पुस्तक मिटलं आणि त्याच्याबरोबर निघालो. दाजी खुर्चीत होते. समोर फाइल होती. आक्काला मी सांगितलं.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी काही लिहिलं नाही. आता बसलो आहे, तर सरळच सांगतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या दाजींइतका धावलेला आणि दाजींइतका कुठंही वेळेवर न पोचलेला दुसरा माणूस झाला नसेल. आयुष्यात एकदाच ते कुणाचाही निरोप न घेता झटकन निघून गेले, आणि तेही बसल्या जागेवरून. त्यांच्या स्वभावाला हे अगदी सोडून होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. आमचं गाव साताऱ्याच्या डोंगरावर, घाट चढून गेलं की लागणारं. त्यांचं पलूसकडचं, सपाट आणि उसाचं. त्यांचे दोन्ही भाऊ पलटणीत होते. दाजीही भरतीला गेले होते. पण छातीचं माप घेणारा "फुगवा" म्हणाला तेव्हा त्या परक्या माणसाच्या इतक्या जवळ उभं राहून छाती फुगवणं दाजींना उद्धटपणाचं वाटलं. त्यांनी बेतानं फुगवली. ती कमी भरली. मग ते सांगलीत विश्रामबागेतल्या एका सरकारी कचेरीत कारकून झाले, आणि चाळिशी आली तेव्हा एके सकाळी, कुणाला काही न सांगता, भावाची जुनी खाकी हाफ पँट आणि कॅनव्हासचे बूट घालून तासगावच्या रस्त्यानं धावायला लागले. का, हे मी एकदा विचारलं. मी सांगलीतल्याच कॉलेजात ग्रंथपाल, म्हणून ते मला पंडित म्हणत. म्हणाले, "पंडित, बसून बसून कंटाळा येतो." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पळणाऱ्या माणसाला कुणी काम सांगत नाही."

हे दुसरं कारण पहिल्याच आठवड्यात खोटं ठरलं. त्या वर्षांत आमच्याकडं मोठा माणूस रस्त्यानं विनाकारण धावतो, ही कल्पनाच कुणाला नव्हती. धावणारा माणूस म्हणजे एक तर त्याची गाडी चुकते आहे, नाही तर त्याच्या घरी कुणी अत्यवस्थ आहे, नाही तर कुणी त्याच्या मागं लागलं आहे. तेव्हा रस्त्यावरचे लोक आधी घाबरत, मग चौकशी करत आणि त्यातलं काही नाही असं कळलं की कामं सांगत. "पळतच चाललायसा, तर आमच्या पावण्याच्या मळ्यात एवढा निरोप द्या की." दाजी निरोप देत. परत येताना निरोपाचं उत्तर आणत. एकदा एकानं त्यांच्या हातात विळा दिला. धार लावून पुढच्या वस्तीवर द्यायचा होता. विळा घेऊन धावणारे दाजी पाहून त्या वस्तीतली माणसं घरांत शिरली आणि कड्या लावून बसली. दाजी बिचारे प्रत्येक दारापुढं उभं राहून आतल्यांना समजावत होते, "अहो, तुमचाच आहे."

मूळ दुखणं असं की, दाजी विलक्षण भिडस्त होते. नाही म्हणायची वेळ आली की ते हो म्हणून मोकळे होत. तासगावहून येणारी सकाळची एस.टी. त्यांना पाहून हटकून थांबायची. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, कंडक्टरनं दार उघडलं.

"या, या! किती पळतायसा? बसा."

"नको हो. मी बसणार नाही."

"मग पळताय कशाला?"

आतले उतारू खिडक्यांतून बघत होते, एक म्हातारी सरकून जागा करत होती. आपल्यासाठी एवढी गाडी थांबली आहे आणि आपण कारणही सांगू शकत नाही, या संकोचानं दाजी गाडीत चढले, पुढच्या थांब्यावर उतरले आणि राहिलेलं अंतर भरून काढायला उलट धावत गेले. पुढं हे रोजचंच झालं. द्राक्षांच्या दिवसांत बागवाले हाका मारत. दाजी घरातून निघत तेव्हा हलके असत आणि परतत तेव्हा दोन्ही हातांत एकेक घड, शिवाय खिशात बेदाणे. आक्का म्हणायची, "ह्यांचं पळणं म्हणजे बाजार करून येणं आहे. फक्त पिशवी नेत नाहीत."

त्यांच्या धावण्याला धावणं म्हणायला थोडी कल्पनाशक्ती लागे, हेही नोंदवलं पाहिजे. कमरेच्या वरचा भाग जोरात धावत असे. हात सपासप चालत, मान पुढं, डोळे क्षितिजावर. कमरेच्या खालचा भाग मात्र सरकारी नोकरीत होता. समोरून पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस वाऱ्यासारखा येतो आहे. आणि मग पाहणारा वाट पाहत उभा राही.

याच सुमारास साताऱ्याच्या काही निवृत्त फौजी मंडळींनी दर थंडीत एक शर्यत सुरू केली होती. गावाबाहेरच्या मैदानावरून निघायचं, घाट चढायचा, वर पठारावरच्या देवळाला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं मैदानावर परत यायचं. ते लोक तिला नुसतं डोंगराची शर्यत म्हणत. ही जवळजवळ अर्धी मॅरेथॉन आहे, हा शोध दाजींनी माझ्या ग्रंथालयातलं एक इंग्रजी मासिक वाचून लावला, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. शर्यतीसाठी चढाचा सराव हवा. सांगलीत चढ कुठून आणायचा? सगळं गाव फिरून त्यांना कृष्णेवरच्या पुलाला चढत जाणारा रस्ता सापडला. त्यावर ते तासभर चढउतार करत. चौथ्या-पाचव्या फेरीला एका म्हाताऱ्या कोळ्यानं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि हळू आवाजात म्हटलं, "लेकरा, घरात भांडण झालंय व्हय? पाणी काय पळून जात न्हाई. आधी च्या पी." दाजींनी चहा घेतला. म्हाताऱ्याच्या समाधानासाठी, नसलेल्या भांडणाबद्दल थोडं बोललेसुद्धा.

आता शर्यतीतली खरी अडचण. डोंगराच्या त्या रस्त्यावर, घाट संपतो तिथंच, आमचं गाव होतं. म्हणजे दाजींची सासुरवाडी. रस्ता गावाच्या मधून आणि आमच्या दारावरून जायचा. जाताना एकदा, येताना एकदा. जावई दारावरून जातो आहे आणि थांबत नाही, ही गोष्ट आमच्याकडं फक्त दोनच प्रसंगी घडू शकते: एक तर जावई फितला आहे, नाही तर सासरा मेला आहे. आमचे आबा जिवंत होते. पहिल्या वर्षी दाजी वेशीपाशी आले, आणि हाफ पँटवर सासूसमोर कसं जायचं, हे कोडं त्यांना पडलं. ते करवंदीच्या जाळीमागं गेले. पोटाशी बांधून आणलेला लेंगा चढवला, टोपी घातली, आणि सावकाश चालत आमच्या दारात आले. आबांनी घोंगडं अंथरलेलं होतं. पाय धुवायला पाणी, मग चहा, मग गावातल्या चार कर्त्या माणसांनी येऊन विचारपूस केली. उरलेले शर्यतवाले तेवढ्यात देवळाला वळसा घालून परत निघाले होते. त्यांनीही पाणी मागितलं आणि आबांनी ते दिलं. दाजी देवळाला वळसा घालून परत आले तोवर आईनं पानं मांडली होती. सासुरवाडीचं ताट टाकून उठणं दाजींच्यानं या जन्मी शक्य नव्हतं.

ते मैदानावर पोचले तेव्हा मंडपाचे खांब बैलगाडीत चढत होते. आक्का गुंडाळलेल्या ताडपत्रीवर एकटी बसली होती.

हे सलग पाच वर्षं असंच झालं. दर वर्षी दाजी ठरवून निघत की यंदा थांबायचं नाही, आणि दर वर्षी करवंदीच्या जाळीमागं लेंगा चढवत. त्यांना बक्षीस नको होतं. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती आणि ती त्यांनी मला अगदी कानात सांगितली होती, जणू ती मागणं जरा जास्तच आहे. शर्यत संपवणाऱ्या प्रत्येकाचं नाव भोंग्यावरून पुकारलं जाई; नाव, वडिलांचं नाव, आडनाव. "भावांची नावं परेडवर पुकारतात, पंडित," ते म्हणाले. "माझं कचेरीत पुकारतात, पण ते फाइल राहिली म्हणून."

सहाव्या वर्षी नाव नोंदवायला गेलो तेव्हा शर्यतीचे कर्तेकरविते हवालदार पुढं आले. मिशी मोठी, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. म्हणाले, "दाजी, तुमच्यापायी मंडपवाला आमच्यावर वरडतोय. शेवटच्या गड्यासाठी खांब काढायला उशीर करतो आमी, आन शेवटचा गडी सासऱ्याच्या घरात जेवतोय! पुढच्या सालापासनं पंचेचाळिशीच्या वरचा गडी घ्यायचा न्हाई, असा ठराव झालाय. औंदा काय पळायचं ते पळून घ्या." साताऱ्यात त्यांना सगळे दाजीच म्हणत. डोंगरावरच्या गावचा जावई तो साऱ्या घाटाचा जावई. दाजी सत्तेचाळीस वर्षांचे होते. ते नुसतं हसले. आणि परतीच्या एस.टी.त साताऱ्यापासून कराडपर्यंत खिडकीतून डोंगराकडं बघत राहिले.

त्या वेळी आक्का हलली. शर्यतीच्या दोन दिवस आधी ती माहेरी गेली. मीही बरोबर होतो. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"आबा, औंदा त्यांना थांबवायचं नाही."

"कुणी थांबवतंय? त्यो आपणहून येतोय."

"तुम्ही घोंगडं अंथरता म्हणून येतात."

"मग काय अंथरू? काटं?" आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "जावई दारावरनं पाण्याबिगर गेला तर गाव काय म्हनंल? म्हनंल, सासऱ्याचं आन जावयाचं बिनसलं. वरच्या आळीची तर वाटच बघत्यात."

"म्हणू दे."

"तुला सोपं हाय. तू सांगलीला जाशील. मला हितंच ऱ्हायाचंय."

आक्का रडली नाही. तिनं फक्त सांगितलं की दर वर्षी ती त्या मैदानावर बसते, माणसं उठून जातात, खुर्च्या उचलतात, आणि मग हे येतात, आणि तिला म्हणतात, "पुरणपोळी छान झाली होती." आबांनी अडकित्ता पुन्हा उचलला. शेवटी आतून आईचा आवाज आला, "आवं, त्यास्नी थांबवायचं न्हाई एवढंच न्हवं? मग मान चालता चालता करू. मानाला घोंगडंच लागतंय असं कुठं लिवलंय?"

शर्यतीच्या दिवशी मी सायकल घेऊन दाजींच्या मागं होतो. आक्का पहाटेच्या एस.टी.नं खाली मैदानावर जाऊन बसली होती. लेंगा या वेळी आणायचा नाही असं तिनं बजावलं होतं. तरी वेशीपाशी आल्यावर दाजींचे पाय आपोआप करवंदीकडं वळले. मी सायकल आडवी घातली. मग ते तसेच, हाफ पँटवर, मान खाली घालून गावात शिरले. सगळा गाव रस्त्याच्या कडेला उभा होता. आई निरांजन घेऊन पुढं आली आणि उलट्या पावलांनी चालत दाजींना ओवाळू लागली. "वारा हाय, पदराआड धरा!" बायका ओरडत होत्या. आबा एका हातात तांब्या आणि एका हातात बशी घेऊन दाजींच्या शेजारून निघाले. सत्तरीच्या माणसाला जावयाबरोबर धावावं लागणार, या काळजीनं मी अर्धमेला झालो होतो. ती काळजी उगाच होती. दाजींच्या बरोबरीनं राहायला आबांना पावलं जरा आवरूनच घ्यावी लागत होती.

"कसं काय? ऊस बरा हाय न्हवं?"

"बरा... आहे."

"भाऊ रजेवर आलं व्हतं म्हनं?"

"येऊन... गेले."

"च्या घ्या. सांडू द्यात, काय हुत न्हाई."

अर्धा चहा पोटात, अर्धा बनियनवर, असे दाजी गावाबाहेर पडले. देवळाला वळसा घालून परत आलो तेव्हा आबा वेशीवर शाल आणि नारळ घेऊन उभे होते. "पुन्यांदा ह्या रस्त्यानं असं यायचं न्हाई म्हंतायसा," ते म्हणाले, "मग मोकळ्या हातानं कसं लावून देऊ?" त्यांनी शाल दाजींच्या खांद्यांवरून पांघरली, पुढून गाठ मारली, कपाळाला कुंकू लावलं आणि नारळ हातात दिला. दाजी क्षणभर वाकले, पाया पडले आणि घाट उतरायला लागले. त्यांना कुठंही न बसता सासुरवाडी ओलांडता आली होती. मला हे अजून खरं वाटत नाही.

घाटाच्या शेवटच्या वळणावर मैदान दिसलं. मंडप उभा होता. माणसं होती. आणि भोंग्याचा आवाज स्पष्ट वर येत होता, कारण माइक चालू ठेवून सगळे एकमेकांशी बोलत होते.

"कोन येतंय त्ये?" हा हवालदारांचा आवाज. "शाल घेतल्याली हाय. नारळ हाय. वरातीतला नवरदेव चुकून हिकडं आला काय?"

"आवं, दाजी हायत त्ये! दाजी!"

"दाजी? मंडप उभा असताना?" मग थोडी गडबड. "नंबर किती? नंबर दिसंना. शालीखाली गेलाय."

"नंबर कशाला, पुकारा की, दाजी आलं म्हनून."

"दाजी हे काय नाव हाय व्हय रं? नियम म्हंजे नियम. पुरं नाव पायजे. कुणाला ठावं हाय?"

कुणालाही ठाऊक नव्हतं. मी वरून ओरडलो, पण माझा आवाज ग्रंथालयातला. तो रस्त्याच्या कडेच्या चरापर्यंतसुद्धा गेला नाही. दाजी हात जोरात हलवत उतरत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला ते जुनं हसू दिसलं, काही हरकत नाही म्हणणारं.

"वैनी, तुमी हितं हायसा न्हवं? तुमी सांगा. मालकाचं नाव काय?"

भोंग्यातून नुसती खरखर आली. मला कळलं की आता हे नाव पुकारलं जात नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. आक्कानं ते लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, मंगल कार्यालयाच्या गोंगाटात, दाजींनासुद्धा ऐकू न येईल अशा आवाजात. त्यानंतर कधीच नाही. ती त्यांना 'अहो' म्हणे आणि आमच्याशी बोलताना 'हे'.

"उखाणा घ्या, वैनी, उखाणा!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या मंडपानं ते उचललं. "उखाणा! उखाणा!"

"गप ऱ्हावा!" हवालदार गरजले. "उखाण्याला टायम न्हाई. भोंगेवाला वायर गुंडाळायला लागलाय, त्याला लग्नाला जायचंय. वैनी, बोला, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

मग आक्कानं ते घेतलं. उखाणा नाही, यमक नाही. नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. शाळेत हजेरी घेतात तसं, प्रत्येक शब्द वेगळा. डोंगराला थडकून ते अर्धवट परत आलं.

दाजी थांबले. भर उतारावर, मैदान हाकेच्या अंतरावर असताना, सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी थांबवलेलं नसताना ते आपणहून थांबले. मी घाबरलो. "दाजी, चला, खांब काढतील!"

"थांब रे." ते धापा टाकत होते. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"आमच्या वडिलांचं पण घेतलं."

खालून हवालदार हातवारे करत होते, मंडपातली माणसं ओरडत होती, "आवं दाजी, पाय उचला!" दाजींनी शालीच्या टोकानं तोंड पुसलं. कुंकू सगळं गालावर आलं. मग ते उरलेलं अंतर चालत गेले. खरोखर चालत, हातसुद्धा हलवले नाहीत. सुतळीची दोरी ओलांडली तेव्हा टाळ्या बऱ्याच झाल्या. आक्का माइकपासून दूर जाऊन खांबाआड उभी होती, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. दाजी तिच्याजवळ गेले आणि त्यांना काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी नारळ तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "अहो, घाम पुसा आधी."

पुढच्या वर्षापासून ठराव लागू झाला. दाजी सकाळचं धावत राहिले, निरोप पोचवत राहिले, एस.टी.त चढत-उतरत राहिले. शर्यत कशी झाली असं कचेरीत कुणी विचारलं तर सांगत, "भोंगा फार चांगला होता." एवढंच. घरी आक्कानं ते नाव पुन्हा घेतलेलं मी ऐकलं नाही, आणि दाजींनी तसं सुचवलेलंही नाही; त्यांच्या भिडेत ते बसणारं नव्हतं. फक्त संध्याकाळी कधी कधी ते ओट्यावर बसून आतल्या बाजूला कान देत, ती स्वयंपाकघरात इकडचं तिकडं करत असताना, आणि मी विचारलं तर म्हणत, "काही नाही, पंडित. तू वाच."

हा मजकूर मी आक्काला वाचून दाखवला. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "ह्यांचं नाव कुठं घातलं नाहीस?" मी म्हटलं, तू सांगितलंस तर घालतो. ती उठून आत गेली.

डोंगराची शर्यत आता होत नाही. आबा आणि आई राहिले नाहीत. आक्का विश्रामबागेत आमच्याकडं असते. तिचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत बरी आहे.